बावीस मिनिटांचं परीक्षण

मॉरिस थ्रेडगोल्डने रिमोटचं बटण दाबून त्या बाईला पुन्हा दारापर्यंत मागे नेलं आणि सोडलं. ती आत आली. खोली रिकामी होती. नवा गालिचा गुंडाळलेला, भिंतीशी आडवा पडला होता आणि तो अंथरायला आलेला माणूस हत्यारं आणायला बाहेर गेला होता. तिने भिंतीला टाच लावली आणि पावलाला पाऊल जोडत ती खोली मोजू लागली. अर्ध्या वाटेवर तिने सरळ रेघ सोडली, एका मोकळ्या जागेला वळसा घातला, थांबली, खाली पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागली. दोन मिनिटं चाळीस सेकंद चाललं हे, आणि तेवढ्या वेळात ती एक शब्दही बोलली नाही.

“आज कितव्यांदा?” बायको आयलीन बाजाराच्या पिशव्या घेऊन दारात उभी होती. “सत्त्याहत्तर वर्षांचा घोडा झालास, आणि भर दुपारी असले सिनेमे लावून बसतोस. पडदे तरी ओढून घे.”

“तिच्या अंगावर पूर्ण कपडे आहेत.”

“ह्या सिनेमात? मग चुकून राहिले असतील.”

पण पिशव्या खाली ठेवून ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मॉरिसने बाईला पुन्हा दारापाशी नेलं. वळसा आला, थांबणं आलं, आणि आयलीनचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

“तिथे पाळणा होता,” ती हळू आवाजात म्हणाली.

मॉरिसलाही पहिल्या खेपेला तेच वाटलं होतं.

‘गालिचेवाला आला दारी’ हा सिनेमा १९७५ सालचा. त्या काळी इंग्लंडात असल्या चावट सिनेमांचं पेव फुटलं होतं. कुणी नळ दुरुस्त करायला यायचा, कुणी घड्याळाला किल्ली द्यायला, आणि घरातल्या बाईला नेमकं तेव्हाच न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर यायचं असायचं. लोक पावसात रांगा लावून आत जायचे आणि समीक्षक कोरड्या जागी बसून नाकं मुरडायचे. देशाचा सिनेमा बुडाला, असं दर आठवड्याला कुणीतरी लिहायचं. बुडणाऱ्या सिनेमावर तो काढणाऱ्यांची आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांची मजेत गुजराण चालली होती.

मँचेस्टरला मंगळवारी सकाळी साडेदहाला थिएटरवाल्यांसाठी नव्या सिनेमाचा खास खेळ असायचा. उत्तरेकडच्या गावोगावच्या संध्याकाळच्या पेपरांचे सहा समीक्षक तिथे जमायचे. मॉरिस त्यांच्यात धाकटा, तेहेतीस वर्षांचा. सिनेमा बरा असला तर ते शेवटपर्यंत बसत. चावट असला की दहा बावन्नला सगळे एकदम उठत, कारण समोरचा पब अकराला उघडायचा आणि खिडकीपाशी सहा जण मावतील असं एकच टेबल होतं. ह्यात आपण काही वावगं करतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. असल्या सिनेमाला बावीस मिनिटं दिली हेच पुष्कळ झालं, असा एकंदर सूर होता. टेबलावर बसून ते विनोद वाटून घेत. शेजारशेजारच्या गावांत एकच कोटी छापून आली तर संपादक खडसावायचे, म्हणून ही खबरदारी. त्या मंगळवारी सगळ्यात वयस्कराने ‘गालिच्याखाली सारून टाका’ हे आधीच राखून ठेवलं, दुसऱ्याने पायपुसणं घेतलं, खिळे आणि हातोडी आणखी कुणाकडे गेली. मॉरिसच्या वाट्याला नटी आली.

नटीला त्याने मोजून चाळीस सेकंद पाहिलं होतं, टॉवेल सावरत जिना उतरताना. त्याने लिहिलं : ‘मिस लिनेट गार्साइड यांना देवाने सगळं सढळ हाताने दिलं आहे. अभिनय तेवढा गाडीत चढवायचा राहून गेला असावा.’

वाक्य गाजलं. पुढे लंडनच्या एका जाडजूड ग्रंथात, ब्रिटिश सिनेमाच्या अधोगतीच्या प्रकरणात, ते तळटीप म्हणून गेलं. मॉरिस ती तळटीप बरीच वर्षं घरी आलेल्यांना दाखवत असे.

टेबलावरचे बाकीचे पाच जण एकेक करून गेले. उरला मॉरिस. आणि आता चव्वेचाळीस वर्षांनी इमोजेन नावाच्या एका मुलीचा फोन आला होता. जुने सिनेमे स्वच्छ करून त्यांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीत ती होती. समीक्षकांनी ह्या सिनेमांवर अन्याय केला, असं तिचं ठाम मत होतं आणि तिने ‘गालिचेवाल्या’वर बारा पानं लिहिली होती. त्यातली दोन नुसत्या गालिच्याच्या नक्षीवर होती. रविवारी दुपारी मँचेस्टरला खेळ आहे, लिनेट गार्साइड येणार आहेत, तुम्ही दोघं नंतर मंचावर बसा, लोकांना मजा येईल, असं तिने सुचवलं आणि डिस्क पाठवून दिली. मॉरिसने अख्खा सिनेमा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो न पाहता त्याने जितका टुकार म्हटला होता तितकाच टुकार निघाला, आणि ह्याचं त्याला जरा बरंही वाटलं. मग एकसष्टाव्या मिनिटाला ती बाई दारातून आत आली.

आयलीनने मटारच्या पिशव्या फ्रीजमध्ये कोंबल्या. “तू तिला सांगणार आहेस,” ती पाठमोरीच म्हणाली.

“सांगायला नको?”

“तुझं मन हलकं होईल. तिचं काय होईल?”

मॉरिसने रिमोट खाली ठेवला. पण त्याचं ठरलं होतं. समोरासमोर सांगायचं, माफी मागायची, मग ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. हे एवढं केलं नाही तर मरताना टोचत राहील, असं त्याला अगदी खरोखर वाटत होतं.

रविवारी तो अर्धा तास आधीच पोचला. थिएटरच्या चहाच्या दुकानात एक ठेंगणी, आखूड पांढऱ्या केसांची बाई दोन कप चहा घेऊन बसली होती. गाडीच्या किल्ल्या कपाशेजारी ठेवल्या होत्या. तिने त्याला पाहून हात वर केला.

“तुम्हीच ते,” ती म्हणाली. “फोटोत केस होते तुम्हाला. बसा, साखर घातली नाही.”

लिनेट अडुसष्ट वर्षांची होती, आणि गप्पांसाठी तिला आग्रह करावा लागत नव्हता. सिनेमानंतर ती बरी नावाच्या गावात गाडी चालवायला शिकवू लागली, ते एकतीस वर्षं. दोनदा लग्न केलं, त्यातलं दुसरं चांगलं निघालं. ‘गालिचेवाला’ तिने आजवर पाहिला नव्हता. परीक्षण शुक्रवारच्या पेपरात आलं आणि वडिलांनी जेवताना ते मोठ्याने वाचलं. बायबलही ते त्याच आवाजात वाचत, असं ती म्हणाली. पुढच्याच सोमवारी तिला ओल्डहॅमच्या एका नाटक कंपनीत रुजू व्हायचं होतं. सहा महिन्यांचा करार होता, तिथे जाऊन सही करायची तेवढी राहिली होती. ती गेली नाही.

मॉरिसने कप खाली ठेवला. “मिस गार्साइड, मला तुम्हाला एक—”

“अहो, तोंड पाडू नका. आभार मानायलाच आलेय मी.” तिने खुर्ची पुढे ओढली. “बाकीच्यांनी नुसती टिंगल केली. तुम्ही माझं नाव घेऊन लिहिलंत, म्हणजे नीट बघून लिहिलं असणार. मी म्हटलं, हा माणूस रोज भले भले नट बघतो, ह्याला कळतं. लिनेट, वेळेवर कळलं, नशीब समज. माझ्याबरोबरच्या पोरी चाळिशीपर्यंत फोनची वाट बघत बसल्या. मी नाही बसले. तुमच्यामुळे.”

मॉरिसच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच अडलं. घरी आरशासमोर त्याने ते तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्याने चहाचा घोट घेतला आणि गाडी लावायला जागा मिळाली का, असं विचारलं. मिळाली होती. मग त्याला आणखी एक सुचलं. आत जायलाच हवं असं काही नाही, तो म्हणाला, आपण इथेच बोलत बसू आणि शेवटी मंचावर जाऊ. लिनेट हसली. आयुष्यात पहिल्यांदा फुकटचं तिकीट मिळालंय, ते मी सोडणार नाही, असं तिने सांगितलं आणि त्याच्या शेजारचीच खुर्ची धरली.

नव्वद खुर्च्यांचं थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. दाढीवाली तरुण मुलं होती, वही उघडून बसलेल्या मुली होत्या, आणि पहिल्या रांगेत तीन-चार म्हातारे, जे बहुधा तेव्हाही पहिल्या रांगेतच बसले असतील. तरुण मंडळी हसत होती, पण विनोदाला नाही, तर विनोद करणाऱ्याला. टॉवेलचा प्रसंग आला तसं लिनेटने डोळ्यांवर हात धरले आणि बोटांच्या फटीतून पाहत, “काय कंबर होती हो,” म्हणाली. बाविसाव्या मिनिटाला गालिचेवाला शिडीवरून पडला. हा प्रसंग मॉरिसला स्पष्ट आठवत होता, कारण टोपी चढवून उभं राहताना त्याने मागे वळून एवढंच पाहिलं होतं.

एकसष्टाव्या मिनिटाला हशा थांबला. कुणी थांबवला नाही, आपोआप थांबला. वह्यांवरच्या पेन्सिली थांबल्या. पडद्यावर चोवीस वर्षांची लिनेट पावलाला पाऊल लावत चालली होती, आणि शेजारी अडुसष्ट वर्षांची लिनेट पुढच्या खुर्चीला धरून वाकून पाहत होती. प्रसंग संपला, गालिचेवाला हातोडी घेऊन परत आला, लोक पुन्हा हसू लागले. ती तशीच वाकलेली राहिली.

मग ती त्याच्या कानाशी झुकली. “हे तेव्हा कापलं होतं, नाही का?”

मॉरिसने तिच्याकडे पाहिलं.

“सेन्सॉरने असेल, नाहीतर थिएटरवाल्यांनी. लांबड लागली म्हणून. कापलंच असणार. तुम्ही हे पाहिलं असतंत तर तसं लिहिलं नसतंत.”

‘हो’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. दोष कुणा मेलेल्या सेन्सॉरवर जाणार होता, आणि त्याला त्याचं काही वाटणार नव्हतं. लिनेट समाधानाने घरी जाणार होती, मॉरिस नीट बघून लिहिणारा माणूस राहणार होता. आयलीनलाही हे पटलं असतं. पण ह्या खोट्यात आपलाच फायदा जास्त आहे, हे मॉरिसला दिसत होतं, आणि ते दिसल्यावर त्याची जीभ वळेना.

“कापलं नव्हतं,” तो म्हणाला. “ते होतं. मी नव्हतो. बाविसाव्या मिनिटाला उठून गेलो होतो.”

“कुठे?”

“पबमध्ये. अकराला उघडायचा.”

लाल दिवा ओलांडलेल्या शिकाऊ माणसाने कारण सांगावं आणि तिने ऐकून घ्यावं, तशी लिनेटने मान हलवली. पडद्यावर कुणीतरी छत फोडून पलंगावर पडलं. सिनेमा संपला तशी ती त्याच्याआधी उठून मंचाकडे निघाली.

मंचावर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. इमोजेनने माइक हातात घेऊन त्या एकसष्टाव्या मिनिटाबद्दल, म्हणजे तिच्या भाषेत पाळण्याच्या प्रसंगाबद्दल, बराच वेळ सांगितलं आणि मग मॉरिसचं जुनं वाक्य वाचून दाखवलं. लोक खदखदून हसले. हे वाचून तेव्हा काय वाटलं, असं तिने लिनेटला विचारलं. मॉरिस हात मांडीवर ठेवून बसला. आता ती सगळं सांगेल आणि सांगावंच, असं त्याला वाटत होतं.

“वाक्य छानच आहे,” लिनेट म्हणाली. “घासूनपुसून केलेलं. मी पुढे गाडी शिकवायचे. एकतीस वर्षांत अकरा जणांना तोंडावर सांगितलं, की बाबा, हे तुझं काम नव्हे, नाद सोड. रडायची काही माणसं. पण मला कुणीतरी वेळेवर सांगितलं, माझं भलं झालं, म्हणून मीही सांगायचे.” तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. “फक्त, शिकवणीचा तास पुरा झाल्याशिवाय कधी कुणाला सांगितलं नाही.”

टाळ्या पडल्या. तिने मॉरिसकडे पाहिलंही नाही. त्याचे कान गरम झाले होते.

“आणि मॉरिस?” इमोजेन वळली. “आज तेच वाक्य लिहाल?”

“मी सिनेमा पाहिलाच नव्हता,” मॉरिस माइकमध्ये म्हणाला. “बावीस मिनिटं पाहिला आणि उठून दारू प्यायला गेलो. आम्ही सहाही जण.”

मघापेक्षा मोठा हशा उसळला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. “खरं सांगतोय,” मॉरिस म्हणाला, तर लोक पुन्हा हसले. जन्मभर त्याने लोकांना हसवण्याची मेहनत घेतली होती, आणि आज त्यांना थांबवणं त्याला जमलं नाही.

लोक बाहेर डिस्क घ्यायला गेले. पुढचा खेळ पाचला होता. लिनेटने इमोजेनला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि इमोजेन खुशीत मशीनच्या खोलीकडे पळाली. मॉरिस कोट चढवत होता.

“बसा,” लिनेट म्हणाली. “ते एवढंच परत लावताहेत.”

“आठवडाभर तेच पाहतोय मी. घरी.”

“घरी मी नव्हते.”

तो मधल्या रांगेत बसला. ती त्याच्या पुढच्या रांगेत गेली आणि खुर्चीवर गुडघा टेकून उलटी, त्याच्याकडे तोंड करून बसली. दिवे मंद झाले. तिची पाठ पडद्याकडे होती आणि पडद्याचा उजेड मॉरिसच्या चेहऱ्यावर पडत होता.

“काय दिसतंय ते सांगा,” ती म्हणाली.

मॉरिसने घसा साफ केला. पन्नास वर्षं ह्याच कामाचा पगार घेतलेल्या माणसाला शब्द सापडेनात. “तुम्ही दारातून आलात. टाच भिंतीला लावलीत. मोजताय.” त्याने चष्मा नीट केला. “आता रेघ सोडलीत. वळसा घातलात.”

“का?”

“तिथे पाळणा होता. किंवा यायचा होता.”

लिनेट हसली. “तिथे फळी होती. करकरणारी. घर पाडायला काढलेलं होतं हो ते, फुकट मिळालं म्हणून तिथे शूटिंग. सिनेमा तीन मिनिटं कमी भरत होता आणि हिरो दाताच्या डॉक्टरकडे गेलेला. मला म्हणाले, तू खोलीत काहीतरी कर, पण त्या फळीवर पाय देऊ नकोस, आवाज येईल. परत घ्यायला फिल्म उरली नव्हती.”

इमोजेनचा पाळणा, आयलीनचा घट्ट झालेला हात, त्याचा स्वतःचा सबंध आठवडा, सगळं एका करकरणाऱ्या फळीवर उभं होतं. मॉरिसला ओशाळल्यासारखं झालं. पुन्हा चुकलो, असं त्याच्या मनात आलं. पण पडद्यावरची बाई अजून थांबलेलीच होती, आणि त्याने तिच्यावरची नजर काढली नाही.

“फळी मागे पडली,” तो सावकाश म्हणाला. “फळी चुकवायची होती तर चुकवून झाली. तरी तुम्ही पुढे गेला नाहीत. थांबलात. वळलात आणि खाली पाहिलंत. अजून पाहताय.”

लिनेटचं हसू ओसरलं. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

“ते माझं होतं,” ती म्हणाली. “ते मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“हो.”

“म्हणजे दिसत होतं,” लिनेट म्हणाली, आणि मान वळवून पडद्याकडे पाहू लागली.